औषध न देणारी डॉक्टर: पीएच.डी.मधला ‘डॉक्टर’ कुठला आणि ‘फिलॉसॉफी’ कुठली?

गोव्यातल्या सावईवेऱ्याहून एका तरुणाने प्रश्न विचारला आहे. थोडक्यात असा: धाकट्या बहिणीला नुकतीच रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळाली. गावचं वाचनालय तिचा सत्कार करणार आहे आणि पत्रिका छापायला द्यायची आहे. घरात मजकूर वाचून दाखवला तेव्हा कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, सांभाळणाऱ्या वडिलांनी विचारलं, “ती वखद दिना, मागीर दोतोर कशी?” औषध देत नाही, मग डॉक्टर कशी? काकांनी त्याला जोड दिली: पोर रसायन शिकली, मग प्रमाणपत्रावर ‘डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी’ कसं? तत्त्वज्ञानाचा एक तास तरी तिने केला होता का? आणि या तरुणाला स्वतःला ठरवायचं आहे की पत्रिकेवर काय छापावं: डॉ., विद्यावाचस्पती की आचार्य?

मी चौतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं, सगळी गोव्यातच. पिकांचे रोग हा माझा विषय. नऊ जणांनी माझ्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली आणि दुसऱ्यांच्या विद्यार्थ्यांच्या मौखिक परीक्षांना मी किती बसलो त्याचा हिशेब ठेवलेला नाही. तुमच्या बाबांचा प्रश्न मला पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळीकडे भेटला आहे.

शब्दाचा अर्थ तुम्हाला कुठल्याही कोशात सापडला असता. तुमच्या घरची अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. बाबांना लेकीचा अभिमान आहेच, पण हा शब्द तिच्या हक्काचा आहे की गोमेकॉतल्या (गोवा मेडिकल कॉलेजातल्या) डॉक्टरांकडून उसना घेतलेला, याची त्यांना खात्री नाही. उसनी वस्तू अंगावर घालून आपली पोर चार माणसांत उभी राहू नये, असं त्यांना वाटतं. ही शंका स्वाभिमानी माणसाची आहे. तिला “बाबा, तुम्हाला कळत नाही” असं उत्तर देऊ नका. नीट उत्तर देता येतं, आणि ते तुमच्या बहिणीच्या बाजूचं आहे.

‘डॉक्टर’ हा लॅटिन शब्द ‘डोसेरे’ या धातूवरून आला. डोसेरे म्हणजे शिकवणं, डॉक्टर म्हणजे शिकवणारा. औषधाचा, नाडीचा त्यात कुठेही संबंध नाही. ख्रिस्ती धर्मपरंपरेत अँब्रोझ, ऑगस्टीन, जेरोम आणि ग्रेगरी या चौघांना ‘चर्चचे डॉक्टर’ म्हणतात ते याच अर्थाने, धर्माचे आचार्य म्हणून. युरोपात बाराव्या-तेराव्या शतकात विद्यापीठं आकाराला आली (बोलोन्याचं वर्ष परंपरेने १०८८ मानतात), तेव्हा विद्यार्थ्याला शेवटी मिळायचा तो शिकवण्याचा परवाना. ‘लिसेन्शिया डोसेंडी’ हे त्याचं नाव. हा परवाना चर्चचे अधिकारी देत आणि त्यासाठी पैसे मागितले जात. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ते बंद करायला सांगितलं: लायक माणसाकडून परवान्याचे पैसे घ्यायचे नाहीत आणि त्याला तो नाकारायचाही नाही. नंतर पोपनी काही विद्यापीठांच्या परवान्याला कुठेही जाऊन शिकवण्याचा हक्क जोडला. म्हणजे पदवीच्या मुळाशी आहे ते शिकवण्याचं स्वातंत्र्य. किती शिकलास यापेक्षा, आता तू दुसऱ्याला शिकवू शकतोस का, हा तिथला प्रश्न होता.

हे वाचताना मला नेहमी यास्क आठवतो. वेदांतल्या शब्दांची फोड करणाऱ्या निरुक्त या प्राचीन ग्रंथात त्याने आचार्य शब्द फोडून दाखवला आहे: ‘आचारं ग्राहयति, आचिनोत्यर्थान्, आचिनोति बुद्धिम्’. जो आचार शिकवतो, जो अर्थ गोळा करतो, जो बुद्धी वाढवतो, तो आचार्य. डोसेरे आणि आचार्य, दोन्ही टोकांना शिकवणाराच उभा आहे.

मग वैद्यांना डॉक्टर का म्हणू लागले? त्या जुन्या विद्यापीठांत वरच्या पायरीच्या तीन शाखा होत्या: धर्मशास्त्र, कायदा आणि वैद्यक. तिन्ही शाखांचे डॉक्टर होत. पण सामान्य माणसाला धर्मशास्त्राचा डॉक्टर आयुष्यात क्वचित भेटणार, वैद्य मात्र दर आजारपणात. ज्याच्याशी रोजचा व्यवहार, त्यालाच लोकांच्या तोंडी ते नाव चिकटलं. इंग्रजांच्या पद्धतीत तर वैद्यकाची पहिली पदवी ‘बॅचलर’चीच असते. आपल्याकडची एमबीबीएससुद्धा बॅचलरच, त्यातला ‘एमबी’ म्हणजे बॅचलर ऑफ मेडिसिन. तरी आपण त्यांना डॉक्टर म्हणतो. तो समाजाने दिलेला मान आहे आणि रात्री-अपरात्री धावून जाणाऱ्या माणसाला तो शोभतोही. माझ्या आईला शेवटची तीन वर्षं ज्यांनी सांभाळलं त्यांना मी दुसऱ्या कुठल्याच नावाने हाक मारू शकणार नाही. सांगायचं एवढंच की उसनवारीच म्हणायची असेल, तर ती शिकवणाऱ्यांकडून वैद्यांकडे गेली आहे.

गोव्यात हा गोंधळ जास्त का, याचंही एक कारण आहे. पणजीची ‘एस्कोला मेडिको-सिरुर्जिका’, म्हणजे आजच्या गोमेकॉची पूर्वज, १८४२ मध्ये सुरू झाली. पिढ्यान्पिढ्या तिथून बाहेर पडलेले दोतोर गावोगाव होते, आणि कोकणीत दोतोर म्हटलं की तोच माणूस डोळ्यांपुढे येऊ लागला. पण पोर्तुगीजांची स्वतःची रीत निराळी. त्यांच्याकडे विद्यापीठाची ‘लिसेन्सियादु’ पदवी घेतलेल्या कुणालाही, वकिलालासुद्धा, ‘डॉ.’ लावतात, आणि खरी डॉक्टरेट असेल तर ‘दोतोर’ हा शब्द पूर्ण लिहितात. त्यामुळे जुन्या पोर्तुगीज कागदात नावामागे ‘डॉ.’ दिसला म्हणजे तो माणूस वैद्यच होता असं धरून चालू नका. तुमच्या काकांकडे घराचे जुने कागद असतील तर त्यांना जरूर पाहायला सांगा.

आता फिलॉसॉफी. काकांचा प्रश्न बाबांच्या प्रश्नापेक्षा अवघड आहे.

ग्रीक भाषेत ‘फिलो’ म्हणजे प्रेम करणारा, ‘सोफिया’ म्हणजे शहाणपण, ज्ञान. ज्ञानाची ओढ, एवढाच मूळ अर्थ. त्यात तारे आले, दगड आले, झाडं आली, माणसाचं वागणं आलं. न्यूटनच्या १६८७ च्या ग्रंथाच्या नावातच ‘नैसर्गिक तत्त्वज्ञानाची गणिती तत्त्वं’ असे शब्द आहेत. लंडनच्या रॉयल सोसायटीचं १६६५ पासून निघणारं नियतकालिक आजही ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ आहे आणि त्यात भौतिकशास्त्रापासून जीवशास्त्रापर्यंत सगळं छापून येतं. ‘सायंटिस्ट’ हा इंग्रजी शब्द १८३० च्या दशकातला. त्याआधी तुमच्या बहिणीचं काम करणाऱ्याला ‘नॅचरल फिलॉसॉफर’ म्हटलं असतं. आणि लांब कशाला जायचं, पणजीत ज्याच्या नावाची बाग आहे तो गार्सिया द ऑर्ता पाहा. पेशाने वैद्य, लिस्बनच्या विद्यापीठात त्याने नैसर्गिक तत्त्वज्ञान शिकवलं, आणि पुढे इथल्या वनस्पती-औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्याच्या काळी झाडाची पानं-फुलं पारखणं आणि फिलॉसॉफी यांच्यामध्ये भिंत नव्हती.

पदवीच्या नावात हा शब्द कायमचा बसला तो मात्र जर्मनीमुळे. मघाशी सांगितलेल्या तीन वरच्या शाखांच्या खाली एक चौथी शाखा असे, ‘कला’ किंवा ‘तत्त्वज्ञान’ नावाची. व्याकरण, तर्क, गणित, खगोल असं जे काही सगळ्यांनी आधी शिकायचं ते तिथे. जर्मन विद्यापीठांनी या धाकट्या शाखेला थोरलीच्या बरोबरीला आणलं. १८१० मध्ये बर्लिनचं विद्यापीठ निघालं ते या विचारावर की प्राध्यापकाने नुसतं जुनं ज्ञान वाचून दाखवू नये, नवं शोधावं आणि विद्यार्थ्याला त्या शोधात सोबत घ्यावं. इतिहास, भाषा, भौतिक, रसायन, वनस्पती, सगळे याच तत्त्वज्ञान-शाखेत बसत. म्हणून त्यांतल्या कुठल्याही विषयात नवं संशोधन केलेला माणूस ‘डॉक्टर फिलॉसॉफिये’ झाला. तुमच्या बहिणीच्या विषयाचाच दाखला द्यायचा तर गीसन गावात लीबिगची प्रयोगशाळा होती. १८२४ पासून तिथे विद्यार्थी स्वतः हाताने रसायनं करून शिकत, आणि इंग्लंड-अमेरिकेतून मुलं तिथे येत. ही मुलं परत जाताना पदवीची कल्पनाही घेऊन गेली. अमेरिकेत येल विद्यापीठाने पहिल्या पीएच.डी. दिल्या त्या १८६१ मध्ये. ऑक्सफर्डने तर थेट १९१७ मध्ये, महायुद्ध चालू असताना ही पदवी स्वीकारली, आणि तिला ‘डी.फिल.’ म्हटलं. म्हणजे इंग्रजांची म्हणून जी पदवी आपण ओळखतो ती इंग्लंडात उशिरा आली.

नाव विषयावर नव्हे, शाखेच्या जुन्या इमारतीवर पडलं आहे. याचा सगळ्यात चांगला पुरावा आपल्या जवळचा आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी दोन्ही संशोधनं अर्थशास्त्रातच केली. लंडनने १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. दिली, म्हणजे ‘विज्ञानाचे डॉक्टर’. कोलंबिया विद्यापीठाने १९२७ मध्ये पीएच.डी. दिली, म्हणजे ‘फिलॉसॉफीचे डॉक्टर’. विषय एकच, माणूस एकच, पण दोन विद्यापीठांच्या दोन परंपरा. पुढे १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांना मानद एलएल.डी. दिली, कायद्याची. काकांना हे एक उदाहरण पुरेल असं वाटतं.

पण मी इथे थांबलो तर ‘फिलॉसॉफी’ हा शब्द म्हणजे कुणीतरी काढायचा विसरलेला जुना फलक आहे, असं तुम्ही समजाल. मला तसं वाटत नाही. चौतीस वर्षांच्या कामातून मी या मतावर आलो आहे की हा शब्द आजही आपलं काम करतो, आणि ज्या संशोधकाला तो कळत नाही त्याच्या प्रबंधात ते दिसतं. हे तुमच्या बाबांना त्यांच्याच कुळागरात उभं राहून समजावता येईल.

पावसाळ्याच्या तोंडावर बाबा सुपारीवर काय फवारतात? मोरचूद आणि चुना. बोर्डो मिश्रण. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पाऊस लागायच्या आधी एकदा आणि साधारण चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून पुन्हा, नाहीतर कोळेरोगाने सुपारी गळून झाडाखाली सडा पडतो. हे औषध आलं कुठून? फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर शेतकरी मोरचूद-चुन्याचं पाणी शिंपडत. रोगासाठी नव्हे, चोरांसाठी! पानं-फळं निळसर, विषारी दिसली की येणारे-जाणारे द्राक्षं तोडत नसत. १८८२ मध्ये केवडा रोगाने मळेच्या मळे उघडे पडले असताना मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला दिसलं की रस्त्याकडेच्या या रांगांची पानं तेवढी शाबूत आहेत.

बघणारे शेकडो असतील. मियार्देने पुढचं विचारलं: हे मोरचुदामुळे झालं की चुन्यामुळे? की रस्त्याच्या धुळीमुळे, उन्हामुळे? कसं ठरवायचं? त्याने गायों नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला सोबत घेतलं, प्रमाणं बदलून पाहिली, फवारलेल्या वेली आणि न फवारलेल्या वेली शेजारी ठेवल्या, आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापला. शेतकऱ्याच्या हातात वस्तू आधीच होती. प्राध्यापकाने ‘मला हे कळलं असं मी कशावरून म्हणतो?’ याचं उत्तर दिलं. पदवीतली फिलॉसॉफी ती हीच. ज्ञान म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, माझी चूक कुठे होऊ शकते, हे प्रश्न तत्त्वज्ञानाचेच आहेत, मग समोर वेल असो की परीक्षानळी.

आणि सुपारीपर्यंत ते कसं पोचलं हेही बाबांना सांगा. गेल्या शतकाच्या सुरुवातीला लेस्ली कोलमन नावाचा कॅनडाचा माणूस जर्मनीत डॉक्टरेट घेऊन म्हैसूर संस्थानात आला. मलनाडातला कोळेरोग त्याने अभ्यासला, त्यामागची फायटोफ्थोरा बुरशी पाहिली आणि बोर्डो मिश्रणाची फवारणी सुपारीवर रुजवली. त्याने एकाही माणसाची नाडी पाहिली नाही. पण वखद दिलं. दर पावसाळ्यात तुमच्या कुळागरात झाडावर चढणारा माणूस तेच वखद घेऊन चढतो.

‘थीसिस’ या शब्दाबद्दलही दोन ओळी लिहायला हव्यात. मराठीत आपण प्रबंध म्हणतो आणि त्यामुळे जाडजूड बांधीव पुस्तक डोळ्यांपुढे येतं. ग्रीक ‘थीसिस’चा अर्थ मांडलेली गोष्ट, घेतलेली भूमिका. न्यायशास्त्रातली, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातली, ‘प्रतिज्ञा’ त्याच्या फार जवळ जाते: आधी प्रतिज्ञा, मग हेतू, मग उदाहरण. युरोपातल्या विद्यापीठांत विद्यार्थी आपली विधानं जाहीर करायचा आणि भर सभेत त्यांवर वाद व्हायचा. ही रीत गोव्यात किती जुनी आहे ते ऐका. अ‍ॅबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) निघालेला एक छापखाना १५५६ मध्ये गोव्यात उतरला आणि जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात राहिला. हा भारतातला पहिला छापखाना. त्यावर सर्वांत आधी काय छापलं? ‘कॉन्क्लुझॉइश’, म्हणजे विद्यार्थ्यांनी जाहीर वादात मांडायची तात्त्विक विधानं! त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. पण या देशात यंत्रावर छापलेला पहिला मजकूर थीसिसचा होता आणि तो तुमच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर छापला गेला, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या संशोधकाला पहिल्या दिवशी सांगत आलो.

आजची मौखिक परीक्षा त्याच सभेची नात आहे. तीही खुली असते, बाहेरचे परीक्षक येतात. एकदा मी परीक्षक म्हणून गेलो होतो. मुलाचा प्रबंध तीनशे पानांचा, तक्ते सुबक, खाजन शेतीतल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीतल्या, खारेपणाच्या नोंदी तीन वर्षांच्या. मी विचारलं, “यातलं एक वाक्य सांग जे तुझ्याआधी कुणी म्हटलेलं नाही.” तो गप्प झाला. मेहनत खोटी नव्हती, त्याला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मार्गदर्शकानेसुद्धा. आम्ही त्याला एक प्रकरण पुन्हा लिहायला लावलं. सहा महिन्यांनी तो आला तेव्हा पहिल्याच मिनिटाला म्हणाला, “सर, कोरगूट भात मिठाला सगळ्याच अवस्थांत सारखं दाद देत नाही, हे माझं वाक्य आहे, आणि ते कुठे खोटं ठरू शकेल तेही सांगतो.” त्या दिवशी तो डॉक्टर झाला. कागद नंतर आला.

तेव्हा घरी बहिणीला हा एक प्रश्न विचारा. ती उत्तर देईलच. ते ऐकल्यावर बाबांचं अर्धं काम होईल.

आता पत्रिका. इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हालाच पाहाव्या लागतील. पहिली म्हणजे पदवी जाहीर झाली आहे ना. मौखिक परीक्षा झाली, परीक्षकांनी अभिनंदन केलं, पेढे वाटले, तरी विद्यापीठाची अधिसूचना निघेपर्यंत ‘डॉ.’ लावू नये. अधिसूचना निघाली असेल तर पदवीदान समारंभाची वाट पाहायची गरज साधारणपणे नसते, पण तिच्या विद्यापीठाचा नियम एकदा विचारून घ्या.

मराठी शब्दाचं म्हणाल, तर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या मराठी व्यवहारात पीएच.डी.ला विद्यावाचस्पती म्हणतात. वाचस्पती म्हणजे वाणीचा स्वामी, बृहस्पतीचं विशेषण. सुंदर शब्द आहे. अडचण अशी की संस्कृत विद्यापीठांत पीएच.डी.ला ‘विद्यावारिधी’ म्हणतात आणि ‘वाचस्पती’ त्याहून वरच्या पदवीला. म्हणून तिच्या प्रमाणपत्रावर मराठी नाव छापलेलं असेल तर तेच घ्या. नसेल तर आपल्या मनाने लावू नका. ‘आचार्य’ मी अर्थाने कितीही जवळचा म्हटला तरी पत्रिकेवर नको. उत्तरेत ‘आचार्य’ ही संस्कृतातली पदव्युत्तर पदवी आहे, आणि आपल्याकडे तो लोकांनी आदराने दिलेला शब्द आहे. गैरसमज होईल.

साधं लिहा: ‘डॉ.’ आणि नाव, खाली ‘पीएच.डी. (रसायनशास्त्र)’. विषय लिहाच. याचं कारण मी स्वतः अनुभवलं आहे. पदवी मिळाल्यावर मी हौसेने दारावर पाटी लावली, ‘डॉ.’ आणि नाव, एवढीच. तिसऱ्या आठवड्यात रात्री अकराला एक बाई तापाने फणफणलेलं मूल घेऊन आली. पाऊस कोसळत होता. मी काय ते सांगितलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरलेलो नाही. स्कूटरवर दोघांना घेऊन आरोग्यकेंद्रात पोचवलं, मूल बरं झालं. पण माझ्या पाटीमुळे तिची वीस मिनिटं गेली होती. दुसऱ्या दिवशी पाटीवर ‘वनस्पतिशास्त्र’ हा शब्द रंगवून घेतला. उपचार करण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या वैद्यकीय व्यावसायिकालाच आहे, आणि आजारी माणसाला क्षणभरही संभ्रम पडू नये ही आपली जबाबदारी. जिथे हा संभ्रम होऊ शकतो तिथे विषय आधी सांगावा. सत्काराच्या पत्रिकेत तो धोका नाही, तरी सवय चांगली.

छापखान्यात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून तपासा. ‘पी.एच.डी.’ असं तीन टिंबांनी छापतात ते चूक आहे. इंग्रजीतला ‘पीएच’ हे फिलॉसॉफीचं पहिलं अक्षर आहे, ग्रीक ‘फी’चं लेखन. तो तोडता येत नाही. म्हणून ‘पीएच.डी.’. आणि नावामागे ‘डॉ. कु.’ असं दुहेरी जोडू नका. ‘डॉ.’ लिहिल्यावर लग्न झालं की नाही हे सांगायची गरज उरत नाही.

वाचनालयाच्या मंडळींपैकी कुणी म्हणेल की किताब-बिताब आता कशाला, स्वतंत्र भारतात ते बंद झालेत. त्यांना राज्यघटनेचं अठरावं कलम दाखवा. सरकारने किताब देणं त्याने बंद केलं, पण लष्करी आणि विद्याविषयक सन्मान त्यातून मुद्दाम वगळले. रावबहादूर गेले, डॉक्टर राहिले. त्यातही मानद पदवी आणि संशोधन करून मिळवलेली पदवी यांत फरक आहे. मानद पदवी हा गौरव असतो आणि पुष्कळ विद्यापीठांची अपेक्षा असते की ती नावामागे लावू नये. पण याला फार मोठे अपवाद आहेत. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना गटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये मानद पीएच.डी. दिली, आणि त्यांचं काम असं होतं की ‘डॉ. भांडारकर’ म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही.

उलट बाजूही बहिणीच्या कानावर घाला. आपल्या गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी, कोसबेनला १९०७ मध्ये जन्मलेले, हार्वर्डहून १९२९ मध्ये बी.ए. घेऊन परतले. पुढे पीएच.डी. घेतली नाही. गणित, नाणी, भारताचा प्राचीन इतिहास, प्रत्येक ठिकाणी त्यांनी ‘हे कशावरून?’ विचारलं आणि तिन्ही क्षेत्रांतले डॉक्टर लोक आजही त्यांचं लिखाण उघडून बसतात. हे मी तिची पदवी लहान करायला सांगत नाही. आजच्या नियमांनी किमान तीन वर्षं, साधारण सहा वर्षांची मर्यादा, अभ्यासक्रम, प्रबंध, बाहेरचे परीक्षक, एवढं पार करून तिने ती मिळवली आहे. आता तिने कोसंबींच्या रांगेत उभं राहायची इच्छा धरावी, म्हणून सांगतो.

शेवटी सत्काराच्या कार्यक्रमाबद्दल एक सुचवतो, पटलं तर बघा. शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांची भाषणं झाली की दहा-पंधरा मिनिटं तिला द्या. ‘मनोगत’ म्हणून आभार मानायला नव्हे. तिने काय शोधलं ते गावाला कळेल अशा भाषेत सांगायला, मराठीत किंवा कोकणीत, तिला सोपं जाईल तसं. फळा असेल तर उत्तम. मग प्रश्न घ्या, आणि पहिला प्रश्न बाबांना विचारू द्या.